एक कुटुंब, एक टिक

माझ्या लग्नात जेवण कमी पडलं ते माझ्या आत्यामुळे. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा सत्यानाश त्यातच दिसत होता आणि माझ्यासकट एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

पाहुणे मोजायचं काम आत्यानं मागून घेतलं होतं. मोजणं हे तिचं रोजचंच काम. गावाबाहेरच्या टेकडीवर सार्वजनिक रान आहे, तिथं फाटकावर ती रखवालदार होती. रान सगळ्यांचं, फुकट, कुणीही यावं आणि फिरून जावं. तिच्याकडे तळहातात मावेल असं स्टीलचं मोजयंत्र असायचं. वर चार आकड्यांची खिडकी, कडेला बटण. माणूस आत शिरला की अंगठा दाबायचा. टिक. लग्नाच्या दिवशी ते यंत्र घेऊन ती हॉलच्या दारात उभी राहिली आणि तासाभरानं तिनं स्वयंपाक्याला निरोप धाडला, "एकशे दहा." त्यानं त्या बेतानं पातेली चढवली. जेवायला बसले सव्वाचारशे. माझ्या सासूबाई अजून कुणाशी ओळख करून देताना सांगतात, "हिच्या लग्नात आम्ही घरी येऊन जेवलो."

मी आत्याला जाब विचारला, तर उलट तीच माझ्यावर डाफरली. "एक कुटुंब, एक टिक. असंच मोजतात."

"कोण मोजतं असं?"

"मी मोजते. पंचवीस वर्षं झाली."

तेव्हा वीस वर्षं झाली होती, पण आत्याला राग आला की आकडे वाढायचे. एरवी कमीच व्हायचे.

मी उद्यान खात्याच्या कार्यालयात टंकलेखक. आत्याच्या फाटकावरचा आकडा दर महिन्याला माझ्याच टेबलावर यायचा आणि मीच तो अहवालात टाकायचे. रोज सरासरी ऐंशी माणसं. लग्नानंतर मला कळलं की ती ऐंशी माणसं नाहीत, ऐंशी कुटुंबं आहेत, टोळकी आहेत, जोडपी आहेत. माणसं सव्वातीनशेच्या घरात. हे कळल्यावर मी काय केलं? काही नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा ऐंशी टाइप केलं. आत्याच ती. शिवाय लग्नातलं हसून सोडलं होतं, तसंच हेही.

आता असं मोजायचं कारण ऐका. तिला कामाला लावणारे जुने रेंजर होते, वारले बिचारे. त्यांनी पहिल्याच दिवशी यंत्र तिच्या हातात ठेवून सांगितलं होतं, "आकडा फुगला की रस्ता येतो. रस्त्यामागून गाड्या, गाड्यांमागून हॉटेल. रान जगवायचं असेल तर आकडा उपाशी ठेव." आत्यानं तो शब्द झेलला तो झेलला. आणि तिचं स्वतःचंही एक शास्त्र होतं. म्हणायची, "कुटुंब एका रांगेत चालतं, एकाच दगडावर बसतं, एकच भांडण करतं. वाटेला त्रास एकाचाच." आता ह्यावर काय बोलणार?

वाटांवर तिचा जीव होता. टेकडीवर सहा वाटा. त्यांतल्या दोन ती दरवर्षी निजवायची. तिचाच शब्द, निजवायची. म्हणजे वाटेच्या तोंडाशी वाळक्या फांद्या आडव्या टाकायच्या, पहिली दहा पावलं पालापाचोळ्यानं अशी झाकायची की इथं वाट होती हे जाणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये, आणि वर पाटी लावायची: पुढे साप आहेत. वर्षभर त्या वाटेवर पाऊल पडायचं नाही. घट्ट झालेली माती सुटायची, गवत वर यायचं, उघडी पडलेली मुळं झाकली जायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन. तीन वर्षांत प्रत्येक वाटेची एक झोप व्हायची. मागच्या उतारावरच्या वाटेची पाळी आली की आत्या विशेष खूश असायची, कारण तिथं टिटव्या उघड्यावर, खड्यांतच अंडी घालतात आणि त्या वर्षी त्यांची पिल्लं वाचायची.

"साप खरंच आहेत का गं?" मी लहानपणी विचारलं होतं.

"माणूस नियमाला भीत नाही, सापाला भितो," ती म्हणाली. ते साप कुणी पाहिले नाहीत. सापांनीसुद्धा नाही.

हे सगळं ती एकटी करायची असं नाही. सुरुवातीला फाटकावर, वाटांवर, पाणवठ्यावर मिळून नऊ माणसं होती. मग सहा झाली, मग तीन. दरवर्षी निधीची बैठक व्हायची आणि दरवर्षी आमचे मोठे साहेब माझा अहवाल नाकासमोर धरून तेच वाक्य म्हणायचे, "येतात किती लोक? ऐंशी. ऐंशी लोकांसाठी इतके पगार?" कात्री लागायची. शेवटची पाच वर्षं आत्या एकटीच. खराट्यासाठी अर्ज केला तर अर्जावर अर्ज. पाट्यांचा रंग ती घरून न्यायची. माझ्या माहेरच्या न्हाणीघराचं दार आणि टेकडीवरचे साप एकाच हिरव्या रंगाचे आहेत. मी चिडून म्हणायचे, "आत्या, अगं आकडा जरा वाढव, निधी तरी येईल." ती म्हणायची, "निधी येईल, मग रस्ता येईल." एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. आणि त्या दोन्हींच्या मधोमध माझं टंकलेखन.

दोन वर्षांपूर्वी व्हायचं तेच झालं. ऐंशी माणसांसाठी एक पगारसुद्धा परवडत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि रान दोन वर्षांच्या करारावर एका कंपनीला चालवायला दिलं. आत्याला मुदतीआधी घरी बसवलं. निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते चालत नाही.

कंपनीचा व्यवस्थापक आला. डोळ्यांवर सदानकदा काळा चष्मा, अगदी आमच्या कार्यालयाच्या अंधाऱ्या बोळातसुद्धा. आम्ही त्याचं नाव गॉगल ठेवलं. गॉगलनं फाटकावर तिकीटखिडकी बसवली, आत फोटो काढायला लाकडी हृदय उभं केलं, पाणवठ्याला लागून उपाहारगृह काढलं, आणि सहाच्या सहा वाटा उघडल्या. फांद्या जाळल्या. पाट्या काढल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो हा. इतक्या वर्षांत टेकडीवर खरा साप शिरला तो हाच.

आणि पहिल्याच महिन्यात त्यानं आमच्याकडे कागद पाठवला: रोजची संख्या ऐंशीवरून तीनशे वीस! एका महिन्यात चौपट! साहेबांनी तो कागद फ्रेम करून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. शिपायापासून सगळ्यांना दाखवला. "याला म्हणतात व्यवस्थापन," मलाही म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, तीच माणसं! तीच सव्वातीनशे माणसं, जी आत्याच्या नाकासमोरून वर्षानुवर्षं जात होती! गॉगलनं एक माणूस वाढवला नव्हता, उलट घालवले होते. आमच्या गल्लीतल्या शिंप्याचे गुडघे मशीन मारून मारून आखडलेत. तो वीस वर्षं रोज सकाळी टेकडीच्या मऊ वाटेवरून चालायचा. आता रोज तिकीट कुठून काढणार? तो कुंपणाच्या बाहेरून, डांबरी रस्त्याच्या कडेनं, गाड्यांचा धूर खात चालतो. आतली झाडं बघत बघत. त्याची कुठल्या कागदावर नोंद आहे? फक्त यंत्र बदललं होतं. ह्यांचं यंत्र डोकी मोजत होतं, आत्याचं कुटुंबं. एवढ्या फरकावर त्या माणसाला हार घातले.

मी माहेरी जाऊन आत्याला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. सव्वीस वर्षं बटण दाबून तिचा उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलाय आणि टोकाला घट्टा पडलाय. तो अंगठा ती दुसऱ्या हातानं चोळत बसली.

"म्हणजे मीच विकलं म्हण की," एवढंच म्हणाली.

चौपटीची जाहिरात झाली आणि मग खरीखुरी गर्दी आली. सुट्टीच्या दिवशी हजार, बाराशे. दोन माणसं जातील एवढी वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली. मुळं अशी वर आली की मुलं त्यांना अडखळून पडायला लागली, तर गॉगलनं मुळं तोडली. शौचालयाची टाकी भरून उताराला लागली. मागच्या उतारावर दोन वर्षं एकही पिल्लू दिसलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रस्ताव आला: करार तीस वर्षांचा करावा. त्याआधी एक जनसुनावणी, कायद्यात आहे म्हणून.

आत्या म्हणाली, "मी बोलणार."

"काय बोलणार?"

"खरं."

मी तिला हात जोडले. म्हटलं, बाई गं, सरकारी नोंद खोटी केली असं भर सभेत सांगशील तर चौकशी लावतील, पेन्शनला हात घालतील. आणि टाइप कुणी केलं असं विचारलं तर? हे शेवटचं मी बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझं नाव येणार नाही," म्हणाली, आणि कपाटातून स्वेटर काढून उन्हात टाकला. फाटकावरचा जुना, खात्याचा बिल्ला असलेला.

सुनावणी नगरभवनात, सकाळी अकराला. पुढच्या रांगेत कंपनीची माणसं, मागे पंधरावीस गावकरी, त्यात शिंपी. व्यासपीठावर साहेब आणि समितीचे आणखी दोघं. गॉगलनं भिंतीवर चित्रं दाखवली. ऐंशीवाली पट्टी बोटाएवढी, तीनशे विसाची हातभर. टाळ्या झाल्या. मग आत्या उठली आणि माइकपर्यंत गेली. मोजयंत्र हातात.

"मी फाटकावरची," ती म्हणाली. "तो ऐंशीचा आकडा माझा आहे. खोटा आहे. मी माणसं मोजली नाहीत, कुटुंबं मोजली. एक कुटुंब, एक टिक. लोक तेव्हाही सव्वातीनशेच यायचे. ह्यांनी काही चौपट केलेलं नाही. चूक माझी आहे, शिक्षा मला द्या. रान का देता?"

शिंप्यानं एकट्यानं टाळी वाजवली. मला वाटलं, झालं, जिंकली बाई! साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना गॉगलकडे बघावं की छताकडे तेच कळेना.

आणि गॉगल उठला. चष्मा काढला, पहिल्यांदाच. काय गोड आवाज काढला मेल्यानं! "मी बाईंचे आभार मानतो. त्यांनी फार मोलाची माहिती दिली. म्हणजे लोकांची मागणी पहिल्यापासूनच चौपट होती, आणि सरकारी खात्यानं ती सव्वीस वर्षं दडपली. लोकांना रस्ता हवा होता, सोयी हव्या होत्या. ज्या खात्याला साधी माणसं मोजता येत नाहीत, त्याच्या हाती रान परत द्यायचं का?"

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा मोठ्या. चोर तो चोर, वर शिरजोर! मी मागच्या रांगेत बसून होते, माझ्या मांडीवर त्याच अहवालांची फाईल होती, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्याचा मला अजून राग येतो. गॉगलपेक्षा जास्त माझा येतो.

तीस वर्षांचा करार झाला. आत्याच्या मागे चौकशी लागली आणि पेन्शनला कात्री बसली. पण आमची तोंडं बंद करायला म्हणा की समितीतल्या एकाला थोडी चाड होती म्हणून म्हणा, करारात दोन अटी पडल्या: दिवसाला चारशेहून जास्त नोंदी नकोत, आणि दोन वाटा आळीपाळीनं बंद ठेवायच्या. मी म्हटलं, तोंडाला पानं पुसली. आत्या मात्र हरखली. "अगं, दोन वाटा निजतील! चारशे म्हणजे रान सोसतं तेवढं." पेन्शनचं विचारलं तर म्हणाली, "मला एकटीला लागतं किती?" त्या आठवड्यात ती घरभर गुणगुणत होती. मी तिला इतकी आनंदात माझ्या लग्नातही बघितली नव्हती, आणि तिथं तर तिला रागवायला कारणही मिळालेलं नव्हतं, निदान जेवणापर्यंत.

नवा करार सुरू झाला त्या पहिल्या रविवारी ती म्हणाली, चल, बघून येऊ. आम्ही दोघी तिकिटं काढून आत गेलो. स्वतःच्या फाटकावर रांगेत उभी राहून तिकीट काढताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगत नाही.

आत मुंग्यांसारखी माणसं. मागच्या वाटेपाशी दोरी बांधून पाटी लावली होती: विश्रांतीसाठी बंद. दोरी पायाखाली पडली होती आणि तिच्यावरून लोक चालले होते. पलीकडे उतारावर कुणीतरी गाणी लावून चेंडू खेळत होतं. आत्या वळली ती तडक फाटकावर आली. खिडकीच्या वर दिव्यांचा फलक होता: आजच्या नोंदी ३१२.

"तीनशे बारा?" ती खिडकीतल्या मुलीला म्हणाली. "आत हजाराच्या वर माणूस आहे."

"फलक बरोबर आहे, बाई."

तेवढ्यात एक घर आलं. आईबाप, आजी, तीन पोरं. मुलीनं एक कागद यंत्राखाली धरला. यंत्र एकदाच वाजलं. फलकावर ३१३.

"ही सहा माणसं आहेत," आत्या म्हणाली.

"फॅमिली पास आहे ना. एक पास, एक नोंद." ती मुलगी बिचारी साधी होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. "आमच्या मॅनेजरसाहेबांनी सांगितलंय, इथली जुनी पद्धतच तशी आहे. सरकारी नोंदीत आहे म्हणे. सुनावणीत इथल्याच जुन्या बाईंनी सांगितलं."

आत्या खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिली. मला वाटलं चक्कर येतेय, म्हणून मी दंड धरला, तर तिनं हात झटकला. "सोड. मी काही मरत नाही एवढ्यात," म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी लग्नात ती माझ्यावर डाफरली त्यानंतर पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी सकाळी सहाला ती फाटकासमोर हजर. रस्त्याच्या पलीकडे, सार्वजनिक जागेत, म्हणजे उठवायची कुणाची टाप नाही. बसायला स्टूल शिंप्यानं दुकानातलं आणून दिलं आणि तो स्वतः शेजारी भिंतीला टेकून बसला, गुडघे पसरून. आत्याच्या अंगावर बिल्ल्याचा स्वेटर, हातात यंत्र. बापाची एक टिक. आईची एक. काखेतल्या तान्ह्याचीसुद्धा एक. गॉगल बाहेर आला, म्हणाला, "मावशी, घरी जा, उन्हात कशाला बसता?" आत्यानं त्याच्याकडे बघून अंगठा दाबला. टिक. "आत जाताना तुम्हाला धरलं नव्हतं," म्हणाली.

त्या संध्याकाळी फलकावर २०४ होतं, आत्याच्या यंत्रावर सातशे नव्वद. पुढच्या रविवारी फलकावर ३९६, आत्याकडे एक हजार सहाशे अकरा. तिचा अंगठा सुजून लाल झाला होता. मी गरम पाण्याचं भांडं तिच्यापुढे ठेवलं आणि टाइप करायला बसले. तारीख, वेळ, फलकाचा आकडा, डोक्यांचा आकडा, कराराचं कलम. खाली तिनं सही केली. तिच्या सहीखाली मी माझी केली. पूर्ण नाव, हुद्दा, खातं. ती म्हणाली, "तुझी नोकरी आहे, वेडे." मी म्हटलं, "त्या ऐंशीवर माझी सही नव्हती, हीच चूक झाली."

आमच्या कार्यालयात आलेल्या कागदावर आवक क्रमांक पडला की तो कागद मिळालाच नाही असं कुणाला म्हणता येत नाही. आवक नोंदवहीही माझ्याच टेबलावर असते. रोज सकाळी मी आत्याचा कागद काढते, शिक्का मारते, क्रमांक टाकते आणि साहेबांच्या टेबलावर ठेवते. रोज एक.

एकसष्टाव्या कागदाला साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर गठ्ठा होता. "बाई," ते म्हणाले, "हे किती दिवस चालणार आहे?"

मी म्हटलं, "करार तीस वर्षांचा आहे ना, साहेब?"